खुलासा: बीजीपीला होस्टचा बिघाड कळायला तीन मिनिटे लागतातच, असे नाही

‘बीजीपी इंटरनेटसाठी आहे, सर्व्हर बंद पडल्याचे त्याला १८० सेकंद कळत नाही, म्हणून डेटा सेंटरमधल्या होस्टवर ओएसपीएफच चालवा,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. (बीजीपी आणि ओएसपीएफ हे जाळ्यातील उपकरणांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचे प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेले नियम; होस्ट म्हणजे इथे जाळ्याला जोडलेला सर्व्हर.) त्यातला १८० सेकंदांचा आकडा हे काही राउटरांमधील होल्ड टायमरचे (शेजाऱ्याकडून काहीच न आल्यास त्याच्याशी असलेले सत्र बंद करण्यापूर्वी थांबायच्या वेळेचे) मूळ सेटिंग आहे, प्रोटोकॉलची मर्यादा नव्हे. थेट जोडलेली लिंक तुटली की स्विच सहसा टायमरची वाट न पाहता सत्र बंद करतो. लिंक चालू राहून होस्ट प्रतिसाद देईनासा झाला, तर ३०० मिलिसेकंदांच्या अंतराने ठेवलेले बीएफडी (समोरचा जिवंत आहे का, हे छोट्या पॅकेटांनी सतत तपासणारा वेगळा प्रोटोकॉल) तीन पॅकेटे हुकताच, म्हणजे सेकंदाच्या आत, ते ओळखते. मोठ्या डेटा सेंटरमधील बीजीपीच्या वापराविषयीचा आरएफसी ७९३८ हा तांत्रिक दस्तऐवज तर २०१६ सालीच प्रसिद्ध झाला आहे.

मला अधिक काळजी वाटते ती संदेशातल्या सल्ल्याची. ओएसपीएफमध्ये एका एरियातील (जाळ्याच्या एका विभागातील) सर्व राउटरांकडे सारखीच लिंक-स्टेट माहिती, म्हणजे कोण कोणाला जोडलेले आहे याचा नकाशा, असावी लागते; त्यामुळे एका होस्टने चुकून दुसऱ्याचा पत्ता जाहीर केला, तर ती चूक पहिल्याच स्विचवर न अडता एरियाभर पसरते. बीजीपीत मात्र ‘या होस्टकडून त्याचा /३२ पत्ताच (म्हणजे त्याचा एकच आयपी पत्ता) स्वीकारावा’ असा फिल्टर प्रत्येक शेजाऱ्यासाठी वेगळा लावता येतो. लहान जाळ्यात, जिथे सगळे होस्ट एकाच चमूच्या ताब्यात असतात, तिथे ओएसपीएफ चालू शकते, हे मान्य.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नका, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्या.