तोफ ओढली कोणी?

किल्ल्यावर तोफ दिसली की आपण तिला टेकून फोटो काढतो, फलकावरची लांबी आणि वजन वाचतो आणि पुढे जातो. ती तिथवर आणली कशी, हे फलकावर बहुतेक वेळा नसतंच. माझ्या मते पहिलं तेच लिहायला हवं.

विजापूरची मुलूखमैदान घ्या. १५४९ साली अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमीने ती ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला गेली. वजन सुमारे ५५ टन! दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. आकडा फुगवलेला वाटतो? हत्ती सोडून द्या, तरी बैलामागे जेमतेम १४० किलो येतात. म्हणजे प्रश्न बळाचा नव्हताच. दोनशे जोड्या एकामागे एक जुंपल्या तर अर्ध्या किलोमीटरहून लांब रांग होते. वळणावर पुढच्या जोड्या भलतीकडेच ओढणार, एक बैल बसला की सगळं ठप्प. आणि वाटेत भीमा आडवी.

त्यात आपली काळी माती. पावसात तिच्यात रिकामी गाडीसुद्धा आखापर्यंत रुतते. दसऱ्यानंतर मोहिमा निघायच्या त्याला मुहूर्ताइतकंच हेही कारण: वाट वाळलेली, नद्या उतरलेल्या, रानात चारा. वाट नीट करायला बेलदार, म्हणजे माती-दगडाचं काम करणारे, पुढे असायचे. गाडा अडला की हत्ती मागून कपाळ लावून ढकलायचा. पण गोळे पडू लागले की हत्ती बिथरतो. म्हणून इंग्रजांच्या जड तोफखान्यात ऐन माऱ्याजवळ हत्ती सोडून बैल जुंपत.

बैल मेला की तोफ तिथेच संपली. २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यातलं असई. शिंद्यांच्या गोलंदाजांनी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांवरची माणसं आणि बैल असे टिपले, की त्याला तोफा मागे टाकून नुसतं पायदळ पुढे काढावं लागलं. लढाई तरी त्यानेच जिंकली, आणि मराठ्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती पडल्या. फळी फुटल्यावर बैल आणून, जुंपून तोफा काढून न्यायला उसंत कुठली?

आता पानिपत. दर जानेवारीत इथे वाद रंगतो, की भाऊंनी जड तोफा नेल्या हीच चूक, अब्दालीच्या उंटांवरच्या जंबुरका, म्हणजे हलक्या फिरत्या तोफा, बघा कशा चपळ. मला हे पटत नाही. इब्राहिमखान गारद्याच्या माणसांनी आणि तोफांनी त्या दिवशी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी फोडली होती. घात त्याआधीच झाला होता. अडीच महिन्यांच्या कोंडीत दाणावैरण संपली आणि छावणीतली जनावरं उपासमारीने पटापट मेली. उरलेल्या हाडकुळ्या बैलांवर तो तोफखाना कोंडी फोडून यमुनेकडे किती वेगाने सरकणार होता, ते जंबुरकावाल्यांनी सांगावं.