जोक येऊलालाय

बाराशे रुपये भरून मी थोर विचार ऐकायला गेलो आणि मला शेजारच्या खोलीत बसवलं. मुख्य सभागृह भरलं होतं म्हणे. गळ्यात पट्टा अडकवलेला पोरगा म्हणाला, "सर, पडद्यावर सेम टू सेम दिसतंय." सेम टू सेम घरीही दिसत होतं. फुकट, लुंगीवर, पंख्याखाली.

निघताना बायकोने हेच विचारलं होतं. 'टेड' परिषदेची भाषणं 2006 पासून नेटवर फुकट आहेत, 18 मिनिटांच्या मर्यादेतली, घरबसल्या ऐकण्यासारखी. मग त्याच धर्तीच्या कार्यक्रमाला सोलापूरच्या एप्रिलात, उन्हातान्हात कशाला? मी तिला न्यायमूर्ती रानड्यांपासून सुरुवात करून, 1875 पासून पुण्यात लोक वसंत व्याख्यानमालेला घर सोडून का जात आले, इथपर्यंत सगळं ऐकवलं. प्रत्यक्ष ऐकण्यात एक ऊर्जा असते, असंही म्हणालो. ऊर्जा हा शब्द आता आठवला तरी कान तापतात.

खोलीत पडदा होता, पण त्यावर लावलं होतं यूट्यूबचंच लाइव्ह. म्हणजे भिंतीपलीकडचा वक्ता तुकड्यातुकड्याने कुठल्यातरी सर्व्हरला वळसा घालून, पंधरा-वीस सेकंदांनी आमच्यापर्यंत पोचायचा. भिंतीतून मात्र हशा थेट यायचा. आधी हशा, मग विनोद.

ही गंमत पहिल्यांदा ओळखली ती माझ्या शेजारच्या आजोबांनी. पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. पलीकडे हशा झाला की ते मला कोपराने ढोसायचे.

"हसून घ्या सर, जोक येऊलालाय."

आणि स्वतः खळखळून हसायचे. मग जोक यायचा आणि ते गंभीर चेहऱ्याने ऐकायचे. एकदा जोक ऐकून म्हणाले, "ह्याला एवढं हसायचं नव्हतं ओ." टाळ्यांचंही तेच. शेवटी आमची अख्खी खोली भिंतीबरोबर टाळ्या वाजवायला लागली. वक्ता पडद्यावर अजून खोकतच होता.

मध्येच त्यांनी पिशवीतून कडक भाकरी काढली आणि गुडघ्यावर मोडली. कट्ट! पुढच्या रांगेतल्या बाई दचकल्या. शेंगाचटणीचा लसणी वास सुटला. मला आयोजकांनी दिलेलं सँडविच हातात घामेजलं होतं. शेंगाचटणीच्या गावात गार सँडविच वाटणाऱ्यांचे विचार काय ऐकायचे, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

"पास कितीचा पडला?" मी विचारलं.

"कसला पास? नातू हितं व्हालंटियर हाय. म्हणला, आजोबा, एसी हाय, बसा."

यानंतर काही मिनिटं मी त्यांच्याशी बोललो नाही.

मग एक वक्ते 'यंत्रमाग आणि उद्याचं सोलापूर' यावर बोलायला आले. मागे मागाचा भलामोठा फोटो झळकला. आजोबांचा घास हातातच राहिला. ते तेलुगूत काहीतरी पुटपुटले, मग मला म्हणाले, "हातमाग हाय की हा! पायाखाली फळ्या दिसूलाल्यात. यंत्रमागाला पाय कोण मारतंय?" पस्तीस वर्षं पूर्व भागातल्या कारखान्यात माग चालवलेला माणूस. अख्ख्या दिवसात मला नवीन म्हणून कळलेली गोष्ट ती एवढीच. मी म्हटलं, हे विचारलंच पाहिजे. पट्टेवाला पोरगा म्हणाला, "माइक तिकडच्या हॉलमध्ये आहे सर. तुम्ही कॉमेंटमध्ये टाका ना."

बाराशे रुपये. कॉमेंटमध्ये.

समारोपाच्या भाषणात पडद्यावर गोल फिरायला लागलं. भिंतीपलीकडे टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या, माणसं बाहेर पडली. आमचे वक्ते तोंड उघडं ठेवून तसेच थिजलेले. आम्ही इमानदारीत त्यांची वाट पाहत बसलो. बाहेर आलो तेव्हा चहाचा थर्मास आडवा झाला होता.

"संपला सर. जरा लवकर यायचं."

"मी सकाळी नऊपासून इथंच आहे!"

एवढ्यात आजोबांचा नातू कागदी कप घेऊन आला. वर बशीसारखं झाकण म्हणून कार्यक्रमपत्रिका ठेवलेली. कप एकच. आजोबांनी पत्रिका माझ्या हातात दिली आणि फुर्र फुर्र करत चहा संपवला.