गिझर, फर्नेस आणि आईची घासणी

गिझर मे महिन्यात बिघडल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. मे महिन्यात तो भिंतीला लटकून झोपा काढत असतो, तेव्हा बिघडला तरी पत्ता कुणाला लागणार. तो बिघडतो ज्या दिवशी पेपरात निफाडचा पारा उतरल्याची बातमी शेकोटीच्या फोटोसकट येते नेमका त्याच दिवशी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किती अंश, द्राक्षवाले मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत कसा धूर करतायत, ड्रिप कसं चालू ठेवतायत, हे सगळं आम्ही नाशिककर मोठ्या चवीनं वाचतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना "आमच्याकडची थंडी म्हणजे..." असं सांगताना तर आवाजात जरा माजच येतो. पण हा माज गिझर चालू असेपर्यंतच.

तर सकाळी साडेसहाला बाथरूममधून आवाज आला, "अहो, लाइट लागलाय पण पाणी गारढोण आहे!"

मी जाऊन बटण बंद करून परत चालू केलं. मग गिझरला दोन थपडा मारल्या. माझं इलेक्ट्रिकल ज्ञान इथं संपतं. मग मोबाईल काढून वाचत बसलो, आणि तिथंच चूक झाली, कारण गिझरचे जेवढे आजार वाचले तेवढे सगळे आमच्या गिझरला झालेत असं वाटायला लागलं. लाइटच लागत नसेल तर थर्मोस्टॅट नाहीतर जास्त तापलं की वीज तोडणारा कटआउट, लाइट लागूनही पाणी गार असेल तर पाणी तापवणारं एलिमेंट जळालेलं, बटण दाबताच एमसीबी पडत असेल तर एलिमेंटमधून करंट अर्थला उतरतोय, आतून भाजीला उकळी आल्यासारखा आवाज येत असेल तर क्षार साठलेत, आणि टाकीच गळत असेल तर रिपेअरच्या नादी लागू नका, नवीन घ्या. मी गिझरला कान लावून उभा होतो तेव्हा मुलगी ब्रश करता करता म्हणाली, "बाबा, तो खोकत नाहीये."

वॉरंटी कार्ड सापडलं. गिझर ६ वर्षांचा. टाकीला वॉरंटी ७ वर्षं, एलिमेंटला २. म्हणजे जे धडधाकट आहे त्याची वॉरंटी अजून शाबूत. कंपनीला फोन लावला तर तिथल्या बाईनं माझी कंप्लेंट इतक्या प्रेमानं रजिस्टर केली की क्षणभर गरम पाण्याचीही आठवण राहिली नाही, आणि मग म्हणाली टेक्निशियन तीन दिवसांनी येईल, सीझन आहे ना सर.

तीन दिवस शेजारच्यांच्या रॉडवर काढले. बादलीत रॉड सोडायचा आणि अर्धा तास कुणी बोट घालणार नाही यावर पहारा ठेवायचा. मुलगी अकरावीला सायन्सला आहे, तिनं वहीत गणित मांडून दाखवलं की १५०० वॉटच्या रॉडनं २० लिटर पाणी १५ अंशांवरून ४५ वर न्यायला २८ मिनिटं लागतात. बरोबर २८ मिनिटंच लागली. फिजिक्स खरं असतं हे मला वयाच्या पन्नाशीत, टॉवेल गुंडाळून कुडकुडत असताना समजलं.

आई मात्र खुशीत होती. "बंब विकलात ना? भोगा." आमच्याकडे तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत कोळसे, वरून एक तांब्या गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच गरम बाहेर. त्याला ना थर्मोस्टॅट ना वॉरंटी. दहा-बारा वर्षांपूर्वी मीच तो भांडीबाजारात मोडीत घातला होता, आणि आईनं ते अजून पोटात ठेवलंय. "दर रविवारी चिंचेनं घासायचे मी. कधी बिघडला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिनियापोलिसहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ, आणि हा घरात जाकीट-टोपी घालून बसलेला. त्याचं फर्नेस बंद पडलेलं! त्यांच्याकडे तळघरात एक भट्टी असते, गॅसवर हवा तापवते आणि पंख्यानं घरभर सोडते. बाहेर उणे वीस. आमची आंघोळ अडली होती, त्याचं अख्खं घरच अडलं होतं. पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटू नये म्हणून त्यानं सगळे नळ थेंबथेंब चालू ठेवले होते.

"दादा, बर्नर पेटतो, चार-पाच सेकंदांत विझतो, परत पेटतो, परत विझतो, मग रुसून बंदच पडतो."

त्यानंही माझ्यासारखंच रात्रभर वाचून ठेवलं होतं. फिल्टर तुंबला तर हवा खेळत नाही, भट्टी जास्त तापते आणि लिमिट स्विच ती बंद करतो, म्हणून फिल्टर बदलून झाला होता. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचे सेल बदलून झाले होते. आता त्याला भीती होती ती हीट एक्स्चेंजरची, म्हणजे ज्योतीची आंच हवेला देणाऱ्या धातूच्या पेटीची, तिला तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड घरात यायची भीती, आणि मग बहुतेक वेळा अख्खं फर्नेसच बदलायचं, म्हणजे काही हजार डॉलर. तो हे सांगत असताना मी त्याला आमच्या एलिमेंटचं सांगत होतो, दोघं एकाच वेळी बोलत होतो, दोन म्हातारे आपापले गुडघे सांगतात तसं.

आईनं मध्ये डोकं घातलं. "काळं धरलं असेल. घासून काढ."

"आई, ते कढई नाहीये गं!"

तिसऱ्या दिवशी आमचा टेक्निशियन आला. पंचविशीतला पोरगा, आल्या आल्या मला काका म्हणाला, तिथंच माझं अर्धं अवसान गळालं. मेन स्विच बंद केला, पाणी काढून टाकलं, खालचं झाकण खोललं आणि एलिमेंट बाहेर ओढलं. ते एलिमेंट आहे हे त्यानं सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मला ती पिठात बुडवून तळायला घेतलेली चकली वाटली असती. पांढऱ्या क्षाराचा बोटभर थर, आणि मध्ये एका ठिकाणी फुटून काळं पडलेलं. टाकीतून वाटीभर खडे निघाले.

"बोअरचं पाणी ना काका? सोसायटीत मिक्स करतात. आणि नॉब फुल्लवर ठेवता. ५५-६० पुरे. जास्त तापवलं की क्षार जास्त धरतात, आणि क्षार धरले की एलिमेंट आतल्या आत तापून जळतं."

मग त्यानं एक झिजलेली काडी दाखवली. मॅग्नेशियमचा रॉड. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजत राहतो, दर एक-दोन वर्षांनी बघायचा असतो. घरात असा एक सदस्य सहा वर्षं आमच्यासाठी झिजत होता आणि आम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मी विचारला नाही.

बिल असं: व्हिजिट ३५०, एलिमेंट ७५०, गॅस्केट ६०, मॅग्नेशियम रॉड ३५०, आणि टाकी घासून साफ करायचे ४००. एकूण १९१०, वरचे दहा त्यानं उदारपणे सोडले. आई दारात उभी राहून ऐकत होती. "घासायचे चारशे?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी भावाचा फोन. तिकडे उजाडलेलं, जाकीट उतरलेलं, चेहऱ्यावर रंग. फर्नेस चालू! काय होतं? फ्लेम सेन्सर. बोटाएवढी धातूची काडी, ज्योत पेटलीय की नाही ते ओळखते. तिच्यावर पुटं चढली की तिला ज्योत असूनही कळत नाही, मग फर्नेस धोका नको म्हणून गॅस बंद करतं. माणूस आला, एक स्क्रू काढला, काडी तारेच्या घासणीनं घासली, परत बसवली. दहा मिनिटं.

"किती घेतले?" मी.

"१४९ डॉलर."

मी मनात गुणाकार करत होतो, आईचा आधीच झाला होता. "बारा-तेरा हजार? घासायचे?" ती पदर खोचून मोबाईलसमोर आली. "मग मी या घरात चाळीस वर्षं काय फुकट घासत होते का रे?"

भावाला एकदम रेंज जायला लागली.

दुसऱ्या दिवशी भांडीवाल्या मावशी आल्या, आणि आईनं त्यांना ही सगळी गोष्ट अगदी डॉलरसकट सांगितली. मावशींनी शांतपणे ऐकलं, कढई घासून पालथी घातली, हात पुसले आणि एक तारखेपासून पगार वाढवून मागितला.