पेपर आला, पण सापडलं काय?

प्राध्यापक मंडळींना सहज विचारावं, ‘सर, सध्या कशावर काम चाललंय?’ की सुरू! ‘दोन संशोधन-पेपर आलेत, एक रिव्ह्यूत अडकलाय. स्कोपसमधलं जर्नल आहे हं!’ (स्कोपस म्हणजे संशोधनपत्रिकांची एक मोठी सूची.) अहो, पण सापडलं काय? ते सांगतील तर शपथ.

इम्पॅक्ट फॅक्टर मात्र दशांशासकट तोंडपाठ. हा आकडा जर्नलचा, लेखाचा नव्हे! आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ (सायटेशन) मिळाले, एवढंच तो सांगतो. तुमच्या लेखाला कुणी हिंग लावून विचारलं नाही, तरी आकडा तोच. आणि मिरवता तुम्ही! संशोधन कसं जोखावं, यावरच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात २०१२ सालीच लिहून ठेवलंय की या आकड्यावरून संशोधकाचं काम मोजू नका. त्याखाली सह्या करणाऱ्या संस्थाही कमी नाहीत. ऐकतंय कोण?

मग एच-इंडेक्स, म्हणजे संशोधकाचाच आकडा: तो दहा असेल, तर त्याच्या दहा लेखांना प्रत्येकी निदान दहा संदर्भ मिळालेत. २००५ मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवलेला. तो वाढवायला स्वतःच्याच जुन्या लेखांचे संदर्भ नव्या लेखात कोंबले की झालं. (विद्यार्थ्यालाही ‘माझा तो पेपर सायटेशनमध्ये टाक’ असा प्रेमळ सल्ला.)

परवा एका चर्चासत्रात एका प्राध्यापकांच्या पहिल्या स्लाइडवर प्रकाशनांची यादी, दुसरीवर तीच पुढे चालू, तिसरीवर पारितोषिकं. निष्कर्षाच्या स्लाइडपाशी आले आणि म्हणाले, ‘वेळ संपलीय, तपशील पेपरमध्ये वाचा.’ पेपर उघडला, तर पैसे भरल्याशिवाय पुढचं पान दिसेना!