फायरवॉलला ईसीसी रॅम कशाला म्हणणाऱ्यांना

‘फायरवॉलला ईसीसी रॅम कशाला, ती काही सर्व्हर नव्हे,’ हे वाक्य मला पुन्हा कोणी ऐकवू नये. फायरवॉल म्हणजे कार्यालयाचे नेटवर्क आणि इंटरनेट यांमधली ये-जा तपासणारे यंत्र, आणि ईसीसी रॅम म्हणजे स्वतःतल्या चुका ओळखून दुरुस्त करणारी मेमरी. ‘ईसीसी नको’ या सल्ल्यावर विसंबून मी कार्यालयाच्या फायरवॉलसाठी साध्या रॅमचा मिनी पीसी घेतला आणि पुढचे तीन आठवडे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी) मध्येच का तुटते, यंत्र आपोआप रीस्टार्ट का होते आणि लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, त्याचा मागमूसही का नसतो, हे शोधण्यात घालवले. इंटरनेट पुरवणाऱ्यांशी भांडलो, केबली बदलल्या, सगळी प्रणाली दोनदा नव्याने बसवली. विक्रेता मात्र ‘एकदा बंद करून चालू करा’ यापलीकडे गेला नाही. शेवटी रात्रभर मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्राम लावून ठेवला आणि सकाळी पाहतो तर पडदा चुकांच्या नोंदींनी भरलेला!

ईसीसी मेमरीत सहसा दर ६४ बिटांमागे (बिट म्हणजे ० किंवा १ हा एक अंक) ८ जादा बिट असतात. त्यांच्या आधारे एक बिट उलटला तर जागीच दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान ते कळते, आणि यंत्रणा नीट जोडलेली असेल तर त्याची लॉगमध्ये नोंद होते. दुरुस्तीपेक्षाही मला या नोंदीचे मोल अधिक वाटते, कारण तशी एक ओळ दिसली असती तर पहिल्याच दिवशी मी रॅमची पट्टी बदलली असती.

‘पॅकेटला चेकसम असतोच की’ (म्हणजे माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत चूक ओळखणारा पडताळा-आकडा जातोच) हे उत्तर तर संतापजनक आहे. इथरनेटचा, म्हणजे केबलवरच्या नेटवर्कचा, सीआरसी हा असाच पडताळा-आकडा प्रत्येक टप्प्यावर नव्याने काढला जातो, म्हणजे राउटरच्या (इथे फायरवॉलच्याच) मेमरीत बिघडलेल्या पॅकेटवर राउटर स्वतःच बिनचूक सीआरसी चढवून ते पुढे धाडतो. टीसीपी या इंटरनेटच्या वाहतूक-नियमांतला १६ बिटांचा चेकसम आणि टीएलएस हे सांकेतिकीकरण ते पुढे बहुधा पकडतात, हे मान्य. पण फायरवॉलचे नियम, चालू जोडण्यांचा तक्ता आणि खुद्द कर्नल (प्रणालीचा गाभा) ज्या मेमरीत बसतात, तिची राखण कोण करते? डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅममधली चिपच्या आतली दुरुस्तीही चिपच्या बाहेरच्या मार्गाला पुरत नाही, तरी तिच्याच नावावर ‘ईसीसी आहे’ असे सांगून माल खपवला जातो.

आणि हे प्रकार दुर्मीळ असतात असेही नाही. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या.

काल दुसऱ्या शाखेसाठी त्याच विक्रेत्याचे दरपत्रक आले. रॅमच्या रकान्यात पुन्हा नुसते ‘८ जीबी’ लिहिलेले आहे.