वड्यांचे पीठ भिजवण्यापूर्वी

कोंबडी आजारी आहे हे आपल्या लक्षात येते, तेव्हा ती गोष्ट तिला स्वतःला कळून बराच काळ लोटलेला असतो. पण ती सांगत नाही. कळपात जी अशक्त दिसते तिला बाकीच्या टोचून टोचून बेजार करतात आणि मुंगूसही नेमके तिलाच हेरते, त्यामुळे अंगात त्राण असेपर्यंत ठणठणीत असल्याचा आव आणणे तिला भागच असते. तो आव संपला की ती पिसे फुलवून, मान आखडून आणि डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात उभी राहते. पंचाईत अशी, की जंत असोत, सर्दी असो, अंडे अडकलेले असो की मान पिळवटणारा मानमोडीचा रोग असो, उभी राहण्याची पद्धत तीच. माणसांच्या डॉक्टरला निदान ‘कुठे दुखते’ असे विचारता तरी येते.

निरोगी कोंबड्यांची सोंगे निराळीच. भर उन्हात राखेच्या खळग्यात एका कुशीवर पडून, पंख पसरून, तंगडी ताणून दिलेली कोंबडी पाहिली की नवख्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकतो. प्रत्यक्षात बाई अंगावरच्या उवा घालवण्यासाठी धुळीने न्हात असतात. खुडूक झालेली कोंबडी खुराड्यातून हलत नाही, नीट खात नाही आणि हात लावू गेल्यास अंग फुगवून गुरकावते, पण तो आजार नव्हे, मातृत्वाची ओढ आहे. ताप पाहावा म्हटले, तर धडधाकट कोंबडीच्या अंगातच १०५ ते १०७ अंश फॅरनहाइट उष्णता असते. इतका ताप घरातल्या माणसाला असता, तर आम्ही रिक्षा बोलावली असती.

उरते ती विष्ठा. कोंबड्या पाळणाऱ्याची सकाळ चहाने होत नाही, खुराड्यातली फळी वाकून न्याहाळण्याने होते. या विषयात मी आता इतकी पारंगत झाले आहे, की पाहुण्यांसमोर तो निघू नये म्हणून घरचे लोक डोळ्यांनी खुणा करतात. वर पांढरी टोपी असलेली घट्ट विष्ठा उत्तम. अधूनमधून पडणारी तपकिरी, चिकट आणि असह्य वासाची विष्ठाही नैसर्गिकच, कारण ती आंधळ्या आतड्यातून येते. हिरवी आणि पाण्यासारखी असेल तर काळजी करावी. आणि पावसाळ्यात, खुराड्यातला भुसा ओला राहिला असताना, पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले तर ती रक्ती हगवण समजून त्याच दिवशी धावपळ करावी. हिच्यावर सुदैवाने ॲम्प्रोलियम नावाचे औषध आहे आणि ते पिण्याच्या पाण्यातून देता येते. फक्त पुड्यावरचे प्रमाण पिंपभर पाण्याचे असते आणि आमची पिल्ले सगळी मिळून पितात वाटीभर, तेव्हा त्रैराशिक मांडावे लागते. शाळेत त्या गणिताला मी नावे ठेवत असे.

आमच्या वाडीत मात्र निदानाची इतकी चिकित्सा कोणी करत नाही. सासूबाईंचा भर हळद आणि लसूण यांवर असतो, शेजारच्या काकूंचा दृष्ट काढण्यावर. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हापासून कोंबडी नुसती शिंकली तरी त्याच रोगाचे नाव घेणारे एक काका आहेत. पटापट कोंबड्या मरू लागल्या तर घरगुती उपचार न करता सरकारी दवाखान्याला कळवावे, हे त्यांचे म्हणणे मात्र खरोखर योग्य आहे. बहुमत असते ते पलीकडच्या भावोजींच्या बाजूने. ते पेंगणाऱ्या कोंबडीकडे एकवार पाहतात आणि म्हणतात, “वैनी, उगाच पैसे घालवू नका. वड्यांचं पीठ भिजवा.” आजारी पक्षी खाऊ नये, हे त्यांना कितीदा सांगितले तरी त्यांच्या लेखी तो केवळ माझा चिक्कूपणा ठरतो.

औषध पाजण्याचा सोहळा रात्री. अंधारात कोंबडीला दिसत नाही, म्हणून ती निमूटपणे हाती लागते. सासूबाईंनी पंख दाबून धरायचे, मी चोच उघडायची आणि कडेने थेंब थेंब सोडायचा, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते आणि घाई केल्यास औषध फुप्फुसात जाते. एवढे सांभाळल्यावर कोंबडी मान झटकते आणि औषध आमच्या साड्यांना मिळते.

मानमोडीपुढे तर तेही चालत नाही. उत्तराखंडातल्या राणीखेतचे नाव लागलेला हा विषाणूचा रोग आहे. एकदा मान पिळवटू लागली की इलाज नाही, लस काय ती आधीच द्यायची. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात, आणि सहा ते आठ आठवड्यांची झाली की आर टू बी ही दुसरी लस टोचायची. मला मिळालेली कुपी शंभर मात्रांची होती, आणि टोचण्याजोग्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, होत्या अकरा. लस बर्फातून आणायची, फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या शेजारी ठेवायची, आणि एकदा पातळ केली की दोन तासांत संपवायची. उरलेल्या मात्रा फुकट जाऊ नयेत म्हणून मी बर्फाचा डबा घेऊन वाडीभर हिंडले, पण फुकट मिळणाऱ्या वस्तूत काहीतरी काळेबेरे असणारच, असा लोकांचा अनुभव आहे. कोणी म्हणाले, कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील. कोणी विचारले, यात तुम्हाला किती सुटतात? शेवटी एक आजोबा आपली सगळी खुराडी उघडून द्यायला तयार झाले. त्यांची अट एकच होती, की उरलेल्या औषधातले थोडे त्यांच्या उजव्या गुडघ्यालाही टोचावे. कुपीवर गुडघ्याचा उल्लेख नाही, हे त्यांना वाचून दाखवण्यासाठी आधी त्यांचा चष्मा शोधावा लागला, आणि दोन तासांतला बराचसा वेळ त्यातच गेला.