पोलिसांच्या कावासाकीत राक्षसी इंजिन नव्हतं

“अमेरिकन पोलिसांची कावासाकी 1000 आठवते? ‘चिप्स’ मालिकेतली हीच ती. जपानमध्ये खास पोलिसांसाठी बनवलेलं राक्षसी इंजिन! चोर सुटायचाच नाही, म्हणून 24 वर्षं चालली.” हा मजकूर फोटोसकट सध्या बाइकवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातला 24 चा आकडा तेवढा बरोबर आहे: 1982 ते 2005.

मालिका सुरू झाली 1977 ला, संपली 1983 ला. फोटोतली पोलिसी गाडी, केझेड 1000 पी, आलीच 1982 मध्ये. म्हणजे मालिकेतले हायवे पोलीस पॉन्च आणि जॉन बरीच वर्षं ज्यांवर फिरले, त्या आधीच्या कावासाकी. तोंडवळा सारखाच, त्यामुळे ही चूक माफ. जपानचं म्हणाल तर कंपनी जपानी, पण ही गाडी बनायची अमेरिकेतच, नेब्रास्कातल्या लिंकनच्या कारखान्यात.

आता ते राक्षसी इंजिन. 998 सीसी, ओळीत चार सिलिंडर, हवेवर थंड होणारं, प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, वर कार्ब्युरेटर. घराणं कावासाकीच्याच 1972 च्या झेड 1 या गाडीचं. 1981 च्या केझेड 1000 जे मध्ये साध्या गिऱ्हाइकालाही जवळपास हेच मिळत होतं. 1984 ला कावासाकीनेच पाण्यावर थंड होणारी, 16 व्हॉल्व्हची जीपीझेड 900 आर आणली. ती 908 सीसीची पोरगी या दादाला आरामात मागे टाकायची.

पोलिसी वेगळेपण होतं ते इंजिनाच्या बाहेर. एकट्याची सीट, पाय टेकायला फूटबोर्ड, पुढे-मागे क्रॅश गार्ड, पाठीशी वायरलेसचा डबा, आणि तपासून लावलेला स्पीडोमीटर; वेगाचा दंड कोर्टात टिकायला नको का?

आणि पाठलाग! मोटरसायकलवरच्या पोलिसाचा दिवस बहुतेक रांगत्या वेगात जातो. तिकडे प्रशिक्षणात रस्त्यावर प्लास्टिकचे शंकू मांडतात. क्लच अर्धा दाबून, मागचा ब्रेक हलका धरून, हँडल पार शेवटपर्यंत वळवून त्यातून ही अवजड गाडी काढायची. पाय टेकला की नापास. इथे टॉप स्पीड काय चाटायचाय? माझ्या मते ती टिकली ती जुनी असल्यामुळेच: तेच पार्ट, तेच मेकॅनिक, तोच हात. आपल्या जुन्या बुलेटवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने 1990 च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूची आर 1100 आरटी, म्हणजे अस्सल टूरिंग गाडी, पोलिसी रूपात घेतली. लिंकनमध्ये ही म्हातारी त्यानंतरही काही वर्षं बनत राहिली.